ढोरांची वही: पावसाळ्याआधी शाळेतल्या मुलांना जनावरांचं आरोग्य कसं शिकवायचं

घटसर्प आणि फऱ्या या दोन रोगांत डॉक्टर गोठ्यात पोहोचेपर्यंत जनावर बहुतेकदा हातचं गेलेलं असतं. ताप चढल्यापासून मरेपर्यंत कधी एक दिवस मिळतो, कधी तोही नाही. म्हणून या दोघांचा इलाज जुलैत होत नाही, मे महिन्यात होतो. लाळ्या खुरकूत, लम्पी, शेळ्यांचा पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) हे त्या मानाने सवड देणारे रोग. पण तिथंही पहिलं आजारी जनावर कोणत्या दिवशी ओळखलं, यावर बाकीच्या गावाचं ठरतं. आणि ते पहिलं जनावर बहुतेक घरांत मुलांच्याच नजरेस पडतं. सकाळी शेण तेच काढतात, संध्याकाळी आखरावरून (गावचा कळप जमतो त्या मोकळ्या जागेवरून) गाय तेच घरी आणतात. फक्त काय बघायचं आणि कोणाला सांगायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, पशुसखी (जनावरांच्या देखभालीचं प्रशिक्षण घेतलेली गावातली बाई) आणि गावातली शिकलेली तरुण मंडळी, यांच्यासाठी हे लिहिलं आहे. मुलांना डॉक्टर करायचं नाही. त्यांनी बघायचं, मोजायचं, लिहायचं आणि सांगायचं. सुई, औषध आणि मेलेलं जनावर ही कामं मोठ्यांची.

तारखा उलट्या मोजा

विदर्भात पाऊस साधारण जूनच्या मध्यावर लागतो. लस टोचली की त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही, अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे जातात. म्हणजे घटसर्प-फऱ्याची लस २० मेच्या आत पडली पाहिजे. जंतांचं औषध त्याच्या १० ते १५ दिवस आधी द्यायचं, म्हणजे मेचा पहिला आठवडा. पोटात जंतांचा भार असलेल्या, खंगलेल्या जनावरात लस नीट लागत नाही, म्हणून हा क्रम. औषधाचं माप वजनावर ठरतं, म्हणून एप्रिलच्या शेवटी हातात टेप हवा.

अडचण अशी की शाळेचा निकाल १ मेच्या आसपास लागतो आणि आपल्याकडे उन्हामुळं शाळा उघडायला जूनचा शेवट येतो. नेमके कामाचे दीड-दोन महिने शाळा बंद. जुलैत पाहुणे बोलावून, फलक रंगवून कार्यक्रम घेतला की फोटो चांगले निघतात, पण तोवर धुऱ्यावर नवं गवत आलेलं असतं आणि फऱ्याही आलेला असतो. म्हणून मार्चमध्ये एक तास, एप्रिलमध्ये दोन तास असे तीनच तास घ्या, पाचवी ते आठवीच्या मुलांसोबत. त्यातला एक तास वर्गात नको, गोठ्यात घ्या. सुट्टीत वही मुलांच्या घरी राहते आणि पशुसखी आठवड्यातून एकदा ती बघते.

वही कशी आखायची

शंभर पानी आडवी वही पुरते. एका जनावराला एक पान. पानाच्या माथ्यावर कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, जनावराचा प्रकार (गवळाऊ, नागपुरी म्हैस, पूर्णाथडी, संकरित, बेरारी शेळी, जे असेल ते), वय, गाभण की दुभती. त्याखाली लसींसाठी चार ओळी: कोणती लस, तारीख, बाटलीवरचा बॅच क्रमांक. बॅच क्रमांक लिहायचा मुलांना कंटाळा येतो, तरी लिहून घ्या. लस घेऊनही जनावरं आजारी पडली तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो.

उरलेल्या पानावर पाच रकाने: तारीख, चारा-पाणी, रवंथ, शेण, वेगळं काही. नोंद आठवड्यातून दोनदाच. रोज लिही म्हटलं की आठव्या दिवशी वही आढ्याला खोचलेली सापडते. शेजारच्या गावात रोग निघाल्याचं कानावर आलं तेवढ्यापुरती रोज लिहायची. ज्यांच्या घरी ढोर नाही त्या मुलांना शेजारच्याची शेळी किंवा गावच्या कळपातल्या ठरलेल्या पाच गायी वाटून द्या.

बिल्ल्याचा क्रमांक दोन मुलांनी लिहायचा. एकानं वाचायचा, दुसऱ्यानं लिहून उलट वाचून दाखवायचा. भारत पशुधन या सरकारी नोंदणीत जनावराची ओळख याच क्रमांकानं होते. एक अंक चुकला की लस दुसऱ्याच्याच गायीच्या नावावर जाते.

बघायचं कसं

गोठ्याच्या दारातच थांबायचं. माणूस जवळ गेला की जनावर उठतं, कान टवकारतं, आणि आजारीसुद्धा दोन मिनिटं बरं दिसतं. म्हणून आधी लांबून: कळपापासून बाजूला कोण उभं आहे, कोणाची मान खाली आहे, गव्हाणीत कुटार कोणासमोर तसंच पडलं आहे, उठताना कोण मागचा पाय उचलून धरतं. मग जवळ जायचं. निरोगी गायीच्या नाकावर घामाचे बारीक थेंब असतात. नाक कोरडं, कान गार किंवा तापलेले, डोळ्यांतून पाणी, अंगावरचे केस उभे, ही तापाची लक्षणं. मेच्या दुपारी निरोगी जनावराचं नाकही सुकलेलं दिसू शकतं, म्हणून बघण्याची वेळ सकाळी ऊन चढायच्या आत.

रवंथ मोजणं मुलांना सगळ्यांत आवडतं आणि त्यातून कळतंही बरंच. चारा खाऊन अर्धा-एक तास झाला की गाय बसते, घशातून घास वर येताना दिसतो. तो घास परत गिळेपर्यंत जबडा किती वेळा हलला ते मोजायचं. साधारण ४० ते ६० चघळण्या होतात. दिवसभरात गाय मिळून सहा ते आठ तास रवंथ करते. चघळणं अर्ध्यात थांबत असेल, जबडा संथ चालत असेल किंवा सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा रवंथ दिसलंच नाही, तर वेगळं काही या रकान्यात लिहायचं आणि घरी सांगायचं. बहुतेक आजारांत दूध आटण्याआधी रवंथ मंदावतं.

श्वास मोजायला मागच्या बाजूनं, पाय पोहोचणार नाही इतक्या अंतरावर उभं राहून कूस बघायची. वर-खाली मिळून एक. पूर्ण एक मिनिट मोजायचं; पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलं की चूकही चौपट होते. आराम करत असलेल्या गायीचे, शेळीचे १५ ते ३० श्वास होतात. पोटाची हालचाल बघायची तर डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीच्या मागच्या खळग्यात मूठ दाबून दोन मिनिटं धरायची. पोट मुठीला दोन ते चार वेळा वर ढकलतं. गाय बाजूला आणि पुढेही लाथ मारते, म्हणून मुलानं खांद्याजवळ उभं राहून हात मागं लांबवायचा, मागच्या पायाजवळ जायचं नाही. घरचा माणूस वेसण धरून असल्याशिवाय हे करायचंच नाही.

ताप मोठ्यांनी बघायचा. थर्मामीटरच्या टोकाला थोडं खोबरेल लावून तो गुदद्वारात तिरपा घालायचा, म्हणजे टोक आतल्या कातडीला टेकतं. सरळ शेणात रुतला तर आकडा कमी येतो आणि ताप असून नाही असं वाटतं. मागच्या टोकाला दोरा बांधून शेपटीच्या केसांना चिमट्यानं अडकवावा, दोन मिनिटं ठेवावा. गायीचा साधारण १०१.५ अंश फॅरेनहाइट, म्हशीचा त्याहून थोडा कमी, शेळीचा १०२ ते १०३.५. आकडा मुलं लिहितात.

टेप, गणित आणि जंताचं औषध

सातवी-आठवीसाठी हा चांगला गणिताचा तास आहे. गाय सपाट जागी चारही पायांवर सरळ उभी करायची. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजायचा. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी, तीही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत. घेर ६० आणि लांबी ५० आली तर १,८०,००० भागिले ६६०, म्हणजे सुमारे २७३ किलो. घेराचा वर्ग होतो, म्हणून घेर मोजताना झालेली दोन इंचांची चूक लांबीतल्या दोन इंचांपेक्षा जास्त महागात पडते. हे मुलांना दोन्ही प्रकारे गणित करून बघू द्या.

आता उपयोग. फेनबेन्डॅझोल मोठ्या जनावराला किलोमागं ५ ते ७.५ मिलिग्रॅम देतात. ७.५ नं धरलं तर २७३ किलोच्या गायीला सुमारे २ ग्रॅम. नजरेनं 'असेल दोनशे किलो' म्हणून दीड ग्रॅम पाजलं तर जंत अर्धवट मरतात. वाचलेले जंत तेच असतात ज्यांना औषध कमी लागू पडतं, आणि पुढची पैदास त्यांचीच होते. दरवर्षी तेच औषध, तेही कमी मापात, असं चाललं की काही वर्षांत ते औषध त्या गोठ्यात चालेनासं होतं. शेळ्यांचं माप गायीपेक्षा वेगळं असतं आणि पहिल्या महिन्यांतल्या गाभण जनावराला अल्बेन्डॅझोल देत नाहीत, म्हणून औषध आणि माप डॉक्टरांकडून लिहून घ्या. बोडी-तलावाच्या काठी चरणाऱ्या जनावरांना पावसाळ्यानंतर यकृतातल्या चपट्या कृमींचं औषध वेगळं लागतं.

पाजताना जबडा जमिनीला समांतर ठेवायचा, त्याहून वर नाही. मान आभाळाकडं करून, जीभ बाहेर ओढून बाटली रिकामी केली की औषध श्वासनळीत जातं आणि चार दिवसांनी गाय न्यूमोनियानं मरते. लोक दोष औषधाला देतात. गालाच्या कोपऱ्यातून घोट-घोट द्यायचं, ठसका लागला की लगेच डोकं सोडायचं.

मुलांनी ओळखायचे रोग

सगळी पुस्तकी यादी पाठ करून घेऊ नका. आपल्या भागात पाच-सहा पुरतात.

घटसर्प म्हशींत जास्त. अंगात १०४ ते १०७ ताप, गळ्याखाली गरम, दुखरी सूज, श्वासाला घुरघुर, तोंडातून लाळ. याचे जंतू काही धडधाकट जनावरांच्या घशात आधीच दबून असतात. पहिल्या पावसात भिजणं, चाऱ्याची टंचाई आणि वखर-डवऱ्याचं काम यांनी जनावर खचलं की ते उठतात. म्हणून पेरणीच्या धावपळीत हा रोग निघतो.

फऱ्या बरोबर उलटा: गोठ्यातलं सगळ्यांत तगडं, सहा महिने ते दोन वर्षांचं वासरू आधी धरतो. एका पायानं लंगडणं, फऱ्यावर किंवा खांद्यावर सूज, आणि ती दाबली की आत वायू झाल्यानं चरचर आवाज. जंतूंची बीजं वर्षानुवर्षं जमिनीत टिकतात, पावसानं माती उघडी पडली की नव्या गवतासोबत पोटात जातात. 'माझा गोऱ्हा तर धष्टपुष्ट आहे, त्याला कशाला लस' म्हणणाऱ्याला हेच सांगायचं.

लाळ्या खुरकुतात तोंडातून तारेसारखी लाळ गळते, जीभ चटचट वाजते, जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड. मोठं जनावर सहसा मरत नाही, पण कोवळ्या वासराच्या हृदयावर हा विषाणू बसतो आणि वासरू लक्षण न दाखवता मरतं. बैलाचा मात्र पेरणीचा हंगाम जातो. लम्पी म्हशीपेक्षा गायीत जास्त: ताप, मग अंगभर दोन ते पाच सेंटिमीटरच्या टणक गाठी, पायाला आणि पोळीला (मानेखालच्या लोंबत्या कातडीला) सूज. २०२० मध्ये विदर्भाच्या काही भागांत आणि २०२२ मध्ये राज्यभर हा रोग पसरला. डास, चावऱ्या माश्या आणि गोचीड तो नेतात. माणसाला तो होत नाही, हे मुलांना ठासून सांगा, कारण त्या काळात दुधाबद्दल खूप अफवा उठल्या होत्या.

शेळ्यांत दोन. पीपीआरमध्ये ताप, नाका-डोळ्यांतून चिकट स्राव, तोंड आलेलं, खोकला, हागवण, आणि एकामागून एक शेळ्या आजारी. आंत्रविषारात कळपातलं सगळ्यांत चांगलं करडू सकाळी मेलेलं सापडतं. कोवळं गवत किंवा सोयाबीन-तुरीच्या खळ्यावरचं धान्य एकदम पोटात गेलं की आतड्यातले जंतू वाढून विष करतात.

लसीचा दिवस

सकाळी नऊच्या आत संपवा. मेमध्ये पारा ४५ पर्यंत जातो. त्या उन्हात ढोरं तासभर बांधून ठेवली की लसीऐवजी उष्माघातानंच आजारी पडतात. आदल्या संध्याकाळी मुलांनी घरोघर जाऊन गायकीसोबत (गावच्या गुराख्यासोबत) ढोरं सोडू नका असं सांगायचं. शिबिर फसतं ते बहुतेक याच एका कारणानं: डॉक्टर आखरावर आणि कळप जंगलात.

घटसर्प, फऱ्या आणि लाळ्या खुरकुताच्या लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात, गोठवायच्या नसतात. बाटली थेट बर्फावर ठेवली आणि लस गोठली तर तिच्यातलं तेल किंवा तुरटीचं मिश्रण फुटतं. दिसायला ती तशीच असते, काम करत नाही. बर्फ आणि बाटल्यांच्या मध्ये कापड किंवा पुठ्ठा ठेवायचा. पीपीआरसारखी जिवंत विषाणूची लस पावडर रूपात येते. ती विरघळवली की बर्फावर ठेवून तासा-दोन तासांत संपवायची, आणि तिच्या सिरिंजला स्पिरिट लावायचं नाही, कारण स्पिरिटनं लसच मरते. उरलेली बाटली उद्यासाठी कोणीही ठेवू नये. सुई प्रत्येक जनावराला नवी. लम्पीच्या काळात एकाच सुईनं आखा कळप टोचला तर रोग आपणच वाटतो.

तापलेल्या, आजारी जनावराला त्या दिवशी लस नाही, पण वहीत त्याचं पान दुमडून ठेवा, म्हणजे ते नंतर विसरलं जात नाही. लाळ्या खुरकुताची लस चौथ्या महिन्यापासून, पहिल्यांदा टोचल्यावर महिन्यानं पुन्हा, मग दर सहा महिन्यांनी. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ही लस मोफत मिळते. त्याच कार्यक्रमात ब्रुसेल्ला या गाभडवणाऱ्या रोगाची लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-वगारींना, जन्मात एकदा. ही जिवंत जंतूंची लस आहे, टोचणाऱ्यालाही तिच्यापासून धोका असतो, म्हणून तेव्हा मुलं लांब. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, १४ दिवसांनी दुसरा डोस. तो दुसरा डोसच लोक सोडतात.

टोचल्या जागी गाठ येते, एखादा दिवस ताप येतो, दोन-तीन दिवस दूध घटतं. हे आधीच सांगून ठेवा. नाही सांगितलं तर 'लसीनं गाय बिघडली' ही बातमी दुपारपर्यंत शेजारच्या गावात जाते आणि पुढच्या वेळी अर्धे लोक ढोर बांधतच नाहीत. संध्याकाळी मुलांनी हिशेब करायचा: गावात जनावरं किती, टोचली किती, टक्के किती. लाळ्या खुरकुतासारखा रोग थोपवायचा तर ८० टक्क्यांच्या वर जायला हवं. आकडा शाळेच्या फळ्यावर लिहा. ग्रामसभेतल्या भाषणापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

गोठा आणि गोचीड

गायीच्या अंगावर दिसतात ते गोचीड थोडे. अंडी आणि पिल्लं भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली, शेणाच्या ढिगाजवळ असतात. एक मादी रक्त पिऊन खाली गळते आणि हजारो अंडी घालते. म्हणून नुसती गाय फवारून काही होत नाही. भेगा सिमेंटनं किंवा चिखलानं बुजवा, वर चुना मारा, उकिरडा गोठ्यापासून लांब न्या. अंगावर १.२५ टक्के डेल्टामेथ्रिन हे गोचिडाचं औषध, लिटर पाण्यात २ मिली, लेबल वाचूनच. फवारायच्या आधी जनावराला पोटभर पाणी पाजा, तोंडाला मुस्कं बांधा, म्हणजे ते अंग चाटत नाही. गोठाही त्याच दिवशी फवारा आणि १५ दिवसांनी सगळं पुन्हा करा, कारण अंड्यांवर औषध चालत नाही.

कपाशीवरचं फवारणीचं औषध जनावराच्या अंगावर कधीही मारू नये. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणीतून झालेली विषबाधा सगळ्यांना आठवते. तेच विष कातडीतून जनावरातही जातं. त्या पंपानं गोचिडाचं औषधही फवारू नका, पंप कितीही धुतला असला तरी. मुलांना इथं काम एकच: गोठ्यातल्या भेगा शोधून खडूनं खुणा करायच्या.

मुलांनी हात लावायचा नाही

अचानक मेलेलं, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळसर रक्त आलेलं जनावर काळपुळीचं (अँथ्रॅक्सचं) असू शकतं. ते कापायचं नाही, कातडं काढायचं नाही, ओढत नेऊन नाल्यात टाकायचं नाही. शरीर उघडलं की हवा लागून जंतूंची बीजं तयार होतात आणि ती जागा अनेक वर्षं दूषित राहते. डॉक्टरांना बोलवायचं, मग जागेजवळच सहा फूट खड्डा, वर-खाली चुना, वर काटेरी फांद्या.

गाय लाळ गाळते, घोगरी हंबरते, गिळता येत नाही. अशा वेळी 'घशात काही अडकलं' म्हणून लोक तोंडात हात घालतात. महिना-दोन महिन्यांत कुत्रा किंवा कोल्हा चावला असेल तर हे पिसाळणं आहे आणि तो हात जिवावर बेततो. चावलेली जखम, माणसाची असो की जनावराची, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. हे मुलांकडून घड्याळ लावून एकदा करून घ्या. पंधरा मिनिटं किती लांब असतात ते तेव्हा कळतं.

सहाव्या महिन्यानंतर गाभडलेल्या गायीचा गर्भ आणि वार कुत्र्यांपुढं टाकू नका. मोठ्यांनी हातमोजे घालून पुरायचं. ब्रुसेल्ला त्यातून आणि कच्च्या दुधातून माणसात येतो. दूध उकळूनच.

रोग निघाला तर: दिवस मागं मोजा

जनावरांच्या डॉक्टरसाठी सरकारी मदतीचा फोन नंबर १९६२. काय सांगायचं ते वहीच्या शेवटच्या पानावर आधीच लिहून ठेवा: गाव, तालुका, किती जनावरं आजारी, कोणत्या वयाची, पहिलं लक्षण कोणत्या तारखेला, ताप, मेली किती, शेवटची लस कधी. 'ढोरं मरून राहिली, लवकर या' एवढंच सांगितलं तर सोबत काय आणायचं हे डॉक्टरांना कळत नाही.

आजारी जनावर वेगळं बांधा, त्याची बादली वेगळी, आणि धार शेवटी काढा. गोठ्याच्या दारात पोत्याचा तुकडा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, लिटरला ४० ग्रॅम, भिजवून ठेवा. लाळ्या खुरकुताचा विषाणू त्यानं मरतो. कळप आखरावर सोडू नका, आठवडी बाजारात नेऊ नका. २००९ च्या पशुसंसर्गजन्य रोग कायद्यानं अशा रोगांची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे. खबर लपवून आजारी बैल बाजारात काढणारा माणूस प्रत्येक तालुक्यात असतो, आणि बहुतेक साथी तिथूनच फुटतात.

आता वहीचा खरा उपयोग. जंतू शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंतचा काळ रोगागणिक ठरलेला असतो: लाळ्या खुरकूत २ ते १४ दिवस, लम्पी साधारण ४ ते १४, पीपीआर बहुधा ४ ते ६. समजा २० तारखेला पहिल्या बैलाच्या तोंडात फोड दिसले. मुलांनी ६ ते १८ तारखांमध्ये गावात काय झालं ते विचारून लिहायचं: कोणी बाजारातून जोडी आणली, कोणाकडं पाहुण्याची गाय आली, बाहेरचा शेळ्यांचा कळप कुठं बसला. पशुरोग संशोधक साथीचा माग असाच काढतात. बंगळुरूची निवेदी ही संस्था जुन्या साथींच्या नोंदी आणि हवामान जोडून, येत्या काळात कोणत्या जिल्ह्यात कोणता रोग निघू शकतो याचा अंदाज देते. तो अंदाज अशा तारखांवरच उभा असतो. वहीची झेरॉक्स पशुधन विकास अधिकाऱ्यांना द्या. निदान अडलं तर नमुने पुढं जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचे की नाही, ते ठरवतात.

घरातल्या आजोबांना बुळकांडीबद्दल विचारायला सांगा. एकेकाळी गावंच्या गावं रिकामी करणारा तो रोग २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. लस तर होतीच, पण भारतात शेवटच्या टप्प्यात माणसं गावोगाव फिरून 'असं लक्षण दिसलं का' हे विचारत होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलं लाकडी नंदी सजवून आणतातच. त्या दिवशी प्रत्येक नंदीच्या कानाला घरच्या बैलाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधा आणि बक्षीस सजावटीबरोबर वहीलाही ठेवा. पूर्ण भरलेली वही हवीच असं नाही. ज्या पानावर 'वेगळं काही' या रकान्यात तारखेसह एक खरी नोंद आहे आणि ती पशुसखीपर्यंत पोहोचली, ते पान जिंकतं. परीक्षण गावचा गायकी करील. कोणती नोंद खरी आणि कोणती आदल्या रात्री बसून भरली, ते त्याला लगेच ओळखू येतं. सप्टेंबरमध्ये लाळ्या खुरकुताचा पुढचा फेरा असतो, तेव्हा वही परत दावणीला गेली पाहिजे.